पेरूची रंगवलेली मडकी नेमकी कोण घडवत होतं?

खापरखूण:

नास्काच्या रेषांवरच्या (पेरूच्या वाळवंटात जमिनीवर काढलेली ती प्रचंड चित्रं) धाग्यात एकाने विचारलं होतं की ज्यांना लिपीच नव्हती त्या लोकांबद्दल आपण इतकं ठामपणे कसं बोलतो. त्याचं बरंचसं उत्तर मडक्यांत आहे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक समज बाजूला ठेवू. 'मातीची भांडी आली की संस्कृती सुरू झाली' हे पेरूत लागू पडत नाही. लिमाच्या उत्तरेला सुपे खोऱ्यात काराल आहे. इ.स.पू. २६०० च्या सुमारास तिथे पिरॅमिडसारखे चौथरे होते, जमिनीत खोल घेतलेले गोल चौक होते, कापसाचं विणकाम होतं, आणि मातीचं भांडं एकही नव्हतं. भोपळ्याच्या तुंब्यांवर भागायचं. भांडी पेरूत आली ती इ.स.पू. १८०० च्या आसपास. शेजारच्या इक्वाडोरच्या किनाऱ्यावर, वाल्दिविया इथे, ती त्याच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून होत होती.

मी मुख्यतः मोचे लोकांबद्दल लिहिणार आहे, कारण माझा जीव त्यांच्यावर. पेरूचा उत्तर किनारा, साधारण इ.स. १०० ते ८००. एकीकडे प्रशांत महासागर, दुसरीकडे अँडीज, मध्ये ठणठणीत कोरडं वाळवंट आणि त्याला कापत समुद्राकडे जाणाऱ्या नद्यांची हिरवी खोरी: लाम्बायेके, हेकेतेपेके, चिकामा, मोचे, विरू. कालव्यांवर शेती आणि कच्च्या विटांचे टेकडीएवढे चौथरे.

यांची ओळखीची बाटली म्हणजे गोल पोट, वर घोड्याच्या रिकिबीसारखी कमान आणि कमानीच्या माथ्यावर एकच उभी तोटी. पोटाच्या जागी कधी माणसाचं डोकं, कधी सील, कधी घुबड, कधी मक्याचं कणीस, कधी बटाटा. या बाटल्यांतला कालक्रम लावला राफाएल लार्को होयले यांनी. साखरेच्या मळ्यांचे मालक, चिक्लिनला राहणारे. त्यांनी १९२६ मध्ये संग्रहालय सुरू केलं आणि १९४८ मध्ये तोटीची उंची, कड आणि कमानीचा आकार पाहून मोचे भांड्यांचे पाच टप्पे पाडले. दक्षिणेकडच्या खोऱ्यांत ही पाच टप्प्यांची शिडी आजही वापरतात. उत्तरेकडच्या खोऱ्यांत ती नीट बसत नाही, हे पुढे लक्षात आलं.

आता घडवण्याबद्दल. कुंभाराचं चाक नव्हतं. स्पॅनिश येईपर्यंत अख्ख्या अमेरिका खंडांत नव्हतं. मोचे कुंभार आधी भरीव नमुना करायचा, त्याच्यावर माती दाबून दोन अर्ध्या भागांचा साचा काढायचा आणि तो भाजून घ्यायचा. मग प्रत्येक अर्ध्यात मातीचा थर दाबायचा, दोन्ही भाग जोडायचे, सांधा पुसायचा. कमान आणि तोटी वेगळी वळून बसवायची. त्यावर पांढरट मातीचा लेप, त्यावर तांबड्या मातीने रंगकाम, मग गुळगुळीत गोट्याने घोटणं आणि भाजणं. काचेची झिलई चढवायची पद्धत नव्हती. जी चकाकी दिसते ती घोटण्याची.

रंगकामात जे शेवटी-शेवटी केलं गेलं ते बघून अजूनही विश्वास बसत नाही. गोल पोटावर तांबड्या बारीक रेषांनी अख्खा प्रसंग: हरणाची शिकार, हातात पिशव्या घेऊन धावणारे धावक, योद्ध्यांची झुंज, नागड्या कैद्यांची गळ्यात दोर बांधून काढलेली वरात. चित्र बाटलीभोवती फिरतं, त्यामुळे एका नजरेत कधीच पूर्ण दिसत नाही. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी या भांड्यांच्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह केला आणि डॉना मॅक्लेलंड यांनी त्यावरून चित्रं सपाट उलगडून रेखाटली. त्या रेखाटनांमुळे एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो हे दिसलं: कैद्यांचे गळे चिरून रक्त चषकात घेतात आणि तो चषक एका मुख्य पुरुषाच्या हाती दिला जातो. सोबत पक्ष्याच्या रूपातला एक जण आणि एक स्त्री. यातला प्रत्येक जण पोशाखावरून ओळखता येतो.

बरीच वर्षं ही पुराणकथा समजली जात होती. १९८७ मध्ये लाम्बायेके खोऱ्यातल्या सिपानला पुरातत्त्वज्ञ वाल्तेर आल्वा यांनी न लुटलेलं थडगं उघडलं, तर आतल्या माणसाच्या अंगावर चित्रातल्या मुख्य पुरुषाचाच साज. जवळच्या दुसऱ्या थडग्यात पक्षी-पुरुष. आणि १९९१ मध्ये हेकेतेपेके खोऱ्यातल्या सान होसे दे मोरोला ती स्त्री, तिच्या शिरोभूषणासह. म्हणजे मडक्यावर रंगवलेली पदं खरी होती आणि माणसं ती भूषवत होती.

माझा मुद्दा असा की ही भांडी म्हणजे 'लोककला' नव्हे. हे सत्तेच्या सावलीत बसून केलेलं काम आहे. चिकामा खोऱ्यात सेरो मायालला कार्यशाळा सापडली. तिथे बारीक कामाची भांडी, मूर्ती, वाद्यं आणि त्यांचे साचे होत, आणि जवळच मोकोयोपे हे सत्ताकेंद्र. मोचे खोऱ्यात उआका देल सोल आणि उआका दे ला लूना (उआका म्हणजे ते कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे) यांच्यामध्ये जी वस्ती होती तिच्यातही कुंभारांची कार्यशाळा निघाली. रोजचे स्वयंपाकाचे माठ कुठेही होत असतील, पण असं काम मंदिराच्या आणि राजाच्या उंबऱ्यापाशीच व्हायचं.

तुम्हाला काय वाटतं?

घाटावरचा:

लेख आवडला, पण एक खटकलं. साच्यात माती दाबून एकामागून एक काढायची म्हणजे तो कारखाना झाला. यात कारागिरी कसली? आमच्याकडे गणपतीच्या आधी शेडमध्ये हेच चालतं.

मृद्गंध:

घाटावरचा, पेणला जाऊन त्या शेडमध्ये डोळ्यांची आखणी करणाऱ्याला हे तोंडावर सांगून बघा. :)

मी स्वतः मातीकाम करते, म्हणून थोडं तांत्रिक. साचा काम सोपं करतो, हे खरं. पण भाजलेल्या मातीचा साचा ओल्या मातीतलं पाणी हळूहळू ओढतो, माती आकसते आणि मगच सुटते. दोन्ही अर्धे सारख्याच ओलीचे नसतील तर सांध्यावर हमखास तडा. पोट बंद झाल्यावर आतला सांधा पुसायला हात जात नाही, म्हणजे कुठल्या टप्प्यावर कुठलं भोक उघडं ठेवायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. वर ती पोकळ कमान: तिची दोन टोकं पोटावर, माथ्यावर तोटी. तीन सांधे, तिन्ही वेगवेगळ्या वेगाने वाळणार. हे काम नवशिक्याच्या हाती देऊन बघा.

आणि कमानीची सोयही आहे. तोंड लहान, म्हणून त्या उन्हात पाणी कमी उडतं, आणि कमानीत दोर ओवून बाटली टांगता येते.

खापरखूण:

घाटावरचा, तुमच्या शंकेला दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

एक: हो, कारखानाही होता. सिपानच्या त्याच परिसरात एका कोठडीत हजाराहून जास्त भांडी रचलेली सापडली. साच्यातली, घाईची, ओबडधोबड. मरणाच्या विधीसाठी संख्या हवी होती, देखणेपणाची गरज नव्हती.

दोन: चेहऱ्यांच्या बाटल्या. चौथ्या टप्प्यात, मुख्यतः चिकामा, मोचे आणि विरू खोऱ्यांत, माणसांची हुबेहूब डोकी घडवली गेली. 'राजाचा चेहरा' असा ठोकळा नाही. सुजलेले डोळे, वाकडं नाक, गालफडं बसलेली. डॉनन यांना त्यांत एकच माणूस चाळीसहून जास्त बाटल्यांवर सापडला. वरच्या ओठावर व्रण, त्यावरून ओळखू येणारा. तो सुमारे दहा वर्षांचा पोर असल्यापासून तिशीपर्यंत दिसत राहतो. आता बघा, एका साच्यातून चार डोकी काढली तरी प्रत्येकाची फेट्याची नक्षी आणि चेहऱ्यावरचं रंगकाम वेगळं करत. आकार साच्याचा, पण माणूस कुंचल्याने उभा केलेला.

शेवंता:

त्या चेहऱ्यांत बायका किती?

खापरखूण:

एकही नाही, शेवंताताई. व्यक्तिचित्र म्हणावं असे सगळे पुरुष. बायका मोचे भांड्यांवर आहेत, पण आई म्हणून, सुईण म्हणून, वैदू म्हणून, देवी किंवा पुजारीण म्हणून. ओळखता येईल असा ठरावीक बाईचा चेहरा नाही.

शेवंता:

मग तुमचा 'सत्तेच्या सावलीत' मुद्दा आणखी एका बाजूने खरा ठरतो. सान होसे दे मोरोच्या पुजारणीला एवढं मोठं थडगं, चिकामा खोऱ्यातल्या एल ब्रुखोची, २००६ मध्ये उजेडात आलेली गोंदवलेल्या हातांची 'सेन्योरा दे काओ' तर सोन्यानाण्यासकट आणि शस्त्रांसकट पुरलेली. अधिकार होता, पण चेहरा घडवून घेण्याची रीत पुरुषांपुरती.

आणि एक राहिलं. ब्रिटिश म्युझियममध्ये एक पसरट तोंडाचं मोचे भांडं आहे, त्याच्या आतल्या काठावर विणकर बायकांची ओळ रंगवली आहे. कमरेला पट्टा बांधून मागावर बसलेल्या, समोर नमुन्याचं कापड, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी साजशृंगारातली माणसं. कारागीर आणि मुकादम एकाच चित्रात. ज्यांना मोचे कारागिरी कशी चालायची हे बघायचंय त्यांनी ते चित्र नक्की शोधा.

डॉ. खवचट:

लार्को संग्रहालयातल्या *त्या* दालनाबद्दल धागाकर्ते सोयीस्कर मौन बाळगून आहेत असं निरीक्षण नोंदवतो.

खापरखूण:

डॉक्टर, तुम्ही येणार हे गृहीत धरूनच तो परिच्छेद तुमच्यासाठी सोडला होता. हो, मोचे कुंभारांनी संभोगाची भांडी भरपूर केली आणि लार्कोंनी त्यांचं वेगळं दालन केलं. ती थडग्यांत मृतांसोबत सापडतात, काही भांड्यांत जोडीतला एक जण सांगाडा असतो. त्यामुळे नुसती चावट करमणूक म्हणून ती समजून घेता येत नाहीत. आता पुढे चला.

दख्खनी:

मला यात एक तुलना करावीशी वाटते. पुण्याजवळच्या इनामगावच्या उत्खननात जोर्वे काळातल्या (ताम्रपाषाणयुगातल्या) वस्तीची घरं नकाशावर मांडता आली. मधोमध सधन शेतकऱ्यांची घरं, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा हे सगळे पश्चिमेच्या कडेला. तिथे कुंभाराची भट्टीही मिळाली. भांडी चाकावरची, तांबूस, काळ्या रंगात भौमितिक नक्षी, काहींना लांब तोटी. अप्रतिम काम, पण करणारा गावाच्या कडेला.

मोचेत मात्र खापरखूण म्हणतात त्याप्रमाणे कुंभार दोन उआकांच्या मध्ये, शहराच्या काळजात. धूर आणि आगीचा धोका तिथेही होताच की. तरी मध्ये ठेवले. याचा अर्थ मान होता की पहारा होता?

खापरखूण:

दोन्ही असू शकतं आणि मला पहाऱ्याकडे झुकावंसं वाटतं. उआका देल सोलला साधारण चौदा कोटी कच्च्या विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्या विटांवर शंभराहून जास्त वेगवेगळ्या खुणा आहेत. सगळ्यांत पटणारा अर्थ म्हणजे वेगवेगळ्या गटांनी वेठीने आपापल्या वाट्याच्या विटा पाडल्या आणि मोजणीसाठी खूण केली. हिशेब ठेवणारी व्यवस्था होती. साध्या माठांच्या गळ्यावरही भाजण्याआधी केलेल्या खुणा मिळतात. डॉनन यांनी त्या समजून घेण्यासाठी आजच्या पेरूतल्या कुंभारांकडे चौकशी केली, तर आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून ते तशाच खुणा करत होते. बारीक रेषांच्या बाटल्यांवर मात्र सही नाही. तरी त्यांतले काही रंगारी हातावरून वेगळे ओळखता आलेत: कोणी डोळा असा काढतो, कोणी पायाची पोटरी तशी.

वाळूतला ससा:

खापरखूण, लेख सुंदर आहे, पण निष्कर्ष मोचेवरून काढून सगळ्या अँडीजवर टाकू नका. दक्षिणेला नास्कात चित्र वेगळं आहे.

आधी कामाबद्दल. नास्काच्या आधी त्याच भागात पाराकासचे लोक भांडी आधी भाजायचे आणि मग राळेत कालवलेले रंग भरायचे. रंग भडक, पण नखाने खरवडला तर निघेल. नास्कांनी (इ.स. १ ते ६५० च्या आसपास) ते बदललं. रंगीत मातीचे लेप आधी लावायचे आणि मग भाजायचं, म्हणजे रंग अंगातच मुरला. लाल लोहाच्या मातीपासून, काळा मँगनीजपासून, शिवाय पांढरा, नारिंगी, करडा, जांभळट, तपकिरी. एकाच भांड्यावर दहा-बारा रंग. प्रत्येक लेप वेगळ्या प्रमाणात आकसतो, तरी एकही दुसऱ्यावरून सोलून निघत नाही. दोन तोट्या आणि मध्ये जोडणारा पूल ही त्यांची खास बाटली. चित्रं: देवमासा, हमिंगबर्ड, मिरच्या, घेवडे, शत्रूची छाटलेली मुंडकी, मिशीसारखा मुखवटा लावलेला तो देव.

आता मुद्दा. काउआची हे त्यांचं यात्रेचं ठिकाण. पण मार्काया नावाचं एक छोटं खेडं खोदलं गेलं, तर तिथल्या साध्या घरांतही बहुरंगी भांडी. मातीच्या रासायनिक तपासणीवरून त्यातली बरीचशी एकाच स्रोताच्या मातीची, बहुधा काउआचीत केलेली. म्हणजे घडवली केंद्रात, पण पोचली घरोघरी. लोक जत्रेला जायचे आणि भांडं घेऊन परतायचे असं मानायला जागा आहे. ती घरात वापरली जायची, सरदारांच्या थडग्यांपुरती राहिली नाहीत.

मृद्गंध:

+१. शिवाय नास्काची मातीची पावरी विसरू नका, ती एकाला एक नळ्या जोडलेली अंतारा. तिच्या नळ्यांच्या भिंती इतक्या एकसारख्या पातळ आहेत की ती पातळ माती साच्यात ओतून केली असावी असा संशोधक लॉरेन्स डॉसन यांचा तर्क आहे. ओतकाम! आणि काउआचीला अशा अंतारांचा ढीग मुद्दाम फोडलेल्या अवस्थेत मिळाला.

खापरखूण:

ससा, मार्कायाचा मुद्दा मान्य आहे आणि त्याने धागा पुढेच जातो. पण एक बघा: नास्कातही घडवण्याची जागा विखुरलेली नाही, वाटप विखुरलेलं आहे. काउआचीच्या पुजाऱ्यांना दर घरात आपल्या देवाचं चित्र हवं होतं. सिपानच्या राजाला आपल्या विधीचं चित्र आपल्याच माणसांत हवं होतं. चित्र कोणी ठरवलं हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

वाळूतला ससा:

पुजाऱ्यांना हवं होतं हे तुम्ही गृहीत धरताय. घरच्या बाईलाही आपल्या जेवणाच्या वाडग्यावर मिरच्या आणि घेवडे हवे असतील. नास्काच्या सुरुवातीच्या भांड्यांवर शेतातल्या गोष्टीच जास्त आहेत, मुंडकी आणि गुंतागुंतीचे देव नंतर वाढतात. मी सगळं श्रेय मंदिराला देणार नाही.

खापरखूण:

बरं, यावर आपण असहमत राहू. कार्यशाळेचा पुरावा माझ्या बाजूचा, स्वयंपाकघराचा तुमच्या.

आंबेमोहर:

मगाशी मृद्गंध म्हणाल्या 'मुद्दाम फोडलेला ढीग'. इतकं कष्टाने केलेलं फोडायचं कशाला?

खापरखूण:

हा अँडीजचा फार जुना आणि फार पसरलेला प्रकार आहे. चाविनच्या मंदिरात, मोचेच्या कितीतरी आधी, एका भुयारी दालनात शेकडो भांडी अर्पण केलेली फुटक्या अवस्थेत मिळाली. उआका दे ला लूनाच्या एका चौकात १९९५ मध्ये बळी दिलेल्या पुरुषांचे सांगाडे निघाले, आणि त्यांच्यासोबत न भाजलेल्या मातीच्या बसलेल्या कैद्यांच्या मूर्ती, गळ्यात दोर, अंगावर बारीक रंगकाम. त्या माणसांसारख्याच फोडून टाकलेल्या.

वारींनी तर याचा विधीच केला. वारी म्हणजे आयाकुचोच्या डोंगराळ भागातलं राज्य, साधारण इ.स. ६०० ते १०००. कोंचोपाताला भले मोठे रंगवलेले रांजण, बाहेरच्या अंगावर दंडधारी देव, आणि ते सगळे घडवून फोडून पुरलेले. नास्का खोऱ्यात पाचेको इथे १९२७ मध्ये पुरातत्त्वज्ञ हुलिओ सी. तेयो यांना अशाच फोडलेल्या वारी भांड्यांची सुमारे तीन टन खापरं मिळाली. तीन टन! कोंचोपातातच कुंभारांची घरं आणि अवजारंही आहेत, म्हणजे घडवणारे आणि फोडणारे एकाच गावचे.

सगळ्यांत नाट्यमय जागा सेरो बाउल. दक्षिणेला मोकेग्वात सपाट माथ्याचा उभ्या कड्यांचा डोंगर, त्यावर वारींची चौकी, तिथे मोल्ये झाडाच्या फळांची आणि मक्याची चिचा (आंबवलेलं मद्य) करायची मोठी भट्टी. इ.स. १००० नंतर केव्हातरी ती जागा सोडताना त्यांनी शेवटची चिचा प्यायली, इमारत पेटवली आणि आपापले पेले आगीत फेकले. पेले राखेत सापडले.

आंबेमोहर:

बापरे. म्हणजे आपल्याकडे स्मशानात मडकं फोडतात तसा काहीसा निरोप.

दख्खनी:

तुलना आकर्षक आहे पण जपून. तिकडे एकाच मेलेल्या माणसाचा निरोप नाही, अख्खी जागा मिटवली जाते.

लिमाकर:

नोकरीनिमित्त लिमात असतो, इथे वाचनमात्र असतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

लार्को संग्रहालय पुएब्लो लिब्रे भागात आहे. इतर ठिकाणी न मिळणारी गोष्ट म्हणजे त्यांचं गोदाम पाहुण्यांना खुलं आहे. काचेच्या कपाटांत छतापर्यंत भांडी, विषयवार लावलेली: एका रांगेत नुसते बटाटे, एका रांगेत नुसती घुबडं, एका रांगेत चेहरे. हजारोंनी. दालनातल्या दिव्याखालच्या दहा बाटल्यांपेक्षा त्या रांगांमध्ये फिरताना साचा आणि हात यांतला फरक जास्त कळतो, कारण एकाच साच्यातली भावंडं शेजारी उभी असतात. भुईमुगाच्या शेंगाही आहेत बरं का. शेंगा मूळच्या याच खंडाच्या, सिपानच्या राजाच्या गळ्यात सोन्या-चांदीच्या शेंगांची माळ होती.

दुसरं, उत्तरेला पिउरा प्रांतात चुलुकानास म्हणून गाव आहे. तिथले कुंभार आजही चाकाशिवाय, आतून गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत भांडं वाढवतात. नक्षी जिथे हवी तिथे पातळ मातीचा लेप देतात, मग भांडं धुरात ठेवतात. लेपाखालचा भाग उजळ राहतो, बाकी काळं होतं. लेप खरवडला की नक्षी उमटते. ही पद्धत तिथे इंकांच्या फार आधीच्या विकूस संस्कृतीपासूनची, मध्ये लुप्त झाली होती, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावातल्या कुंभारांनी प्रयोग करून परत आणली. आणि धुरासाठी जाळतात काय? आंब्याची पानं! आंबा स्पॅनिश काळानंतर आलेला, पण त्याच्या पानांचा धूर दाट आणि काळा म्हणून तोच पक्का झाला. २००६ पासून चुलुकानासच्या भांड्यांना भौगोलिक मानांकनही आहे, आपल्या हापूससारखं.

मृद्गंध:

लिमाकर, आंब्याच्या पानांचं सोनं केलंत. पावसाळ्याआधी आमच्या अंगणात ढीग असतो, यंदा करून बघते.

घाटावरचा:

इंकांबद्दल कोणीच बोललं नाही. सगळे त्यांच्याच नावाने पेरूला जातात.

खापरखूण:

कारण चित्र काढणाऱ्या मडक्यांत इंका सगळ्यांत अबोल आहेत. त्यांनी माणसं, प्राणी, प्रसंग जवळजवळ टाकूनच दिले आणि भौमितिक नक्षी घेतली: समभुज चौकोन, त्रिकोण, नेच्याच्या पानासारखी एक शाखा. आकारही ठरावीक. सगळ्यांत महत्त्वाचा उर्पु, स्पॅनिश लोक त्याला अरिबालो म्हणतात: उंच निमुळता गळा, टोकदार बूड, दोन बाजूंना कान आणि खांद्यावर एक छोटी गाठ. कानांतून दोर ओवून गाठीवरून घ्यायचा आणि पाठीवर वाहायचा. बूड टोकदार म्हणून भुसभुशीत जमिनीत रुततं.

आत चिचा. इंकांचं राज्य वेठीवर चालायचं आणि वेठीला आलेल्याला खायला-प्यायला घालणं राजाचं कर्तव्य होतं. उआनुको पाम्पा या डोंगरातल्या शहरात पुरातत्त्वज्ञ क्रेग मॉरिस यांना मोठ्या चौकाभोवतीच्या इमारतींत अशा रांजणांची खापरं बेसुमार मिळाली. डोंगरउतारावर धान्याची कोठारं सुमारे पाचशे. तेव्हा इक्वाडोरपासून चिलीपर्यंत तोच उर्पु, तीच नक्षी दिसली की समजायचं: इथे इंकांनी प्यायला दिलंय आणि बदल्यात काम घेतलंय. कुंभारही हलवले जात. तितिकाका सरोवराजवळ मिलिराया इथे इंका सम्राट उआयना कापाकने विणकर आणि कुंभार आणून वसवले होते, आणि त्यांच्या जमिनीचा तंटा पुढे स्पॅनिश कोर्टात गेला म्हणून आपल्याला ते कळतं. १४७० च्या सुमारास उत्तर किनाऱ्यावरच्या चिमू राज्याला जिंकल्यावर त्यांच्या राजधानीतले, चान चानचे कसबी कारागीर कुस्कोला नेले, तेही याच धोरणात. गंमत म्हणजे चिमूंची काळी कुळकुळीत, रिकिबी तोटीची भांडी तरीही इंकाकाळात होत राहिली. कोंडलेल्या धुरात भाजल्याने येणारा तो काळा रंग, तोटीच्या बुडाशी चिकटलेलं छोटंसं माकड. सरकारी नक्षी राजधानीची असली तरी उत्तरेच्या कुंभाराने आपलं माकड सोडलं नाही.

वाळूतला ससा:

बघा, शेवटी तुम्हीच माझ्या बाजूला आलात. हलके घ्या.

नवा_भिडू:

छान माहिती. मला एका परदेशी संकेतस्थळावर 'ओरिजिनल मोचे, जुन्या खाजगी संग्रहातील' अशी बाटली दिसतेय, किंमत परवडेल अशी आहे. घ्यावी का?

खापरखूण:

नको. खरी असेल तर बहुतेक लुटीची आणि खोटी असेल तर पैसे गेले. पेरूत १९२९ च्या कायद्यापासून जमिनीखालचा इंकापूर्व आणि इंकाकालीन ठेवा सरकारचा आहे. सिपान मुळात उघडकीस आलं तेच १९८७ च्या फेब्रुवारीत लुटारूंनी एक थडगं फोडून सोनं विकायला काढलं म्हणून. पोलिसांनी आल्वांना बोलावलं तेव्हा गाव त्यांच्यावर चिडलेलं होतं. त्यानंतर १९९० मध्ये अमेरिकेने सिपानच्या वस्तूंच्या आयातीवर तातडीची बंदी घातली. लुटारू सोन्याकडे बघतात, मडकी आडवी-तिडवी फेकतात, आणि जी शाबूत निघतात ती अशा संकेतस्थळांवर येतात. कुठल्या थडग्यातली, कोणाशेजारची, हे एकदा गेलं की ती बाटली सुंदर राहते पण मुकी होते. वर जे सगळं लिहिलं ते त्या 'कुठल्या आणि कोणाशेजारी'च्या जोरावर.

लिमाकर:

नवा_भिडू, हौसच असेल तर उआका दे ला लूनाच्या पायथ्याला मोचे गावातले कारागीर प्रतिकृती करतात. काही जण साचे जुन्या पद्धतीने भाजलेल्या मातीचेच वापरतात. चेहऱ्याची बाटली घ्या, तोटी आतून पोकळ आणि सांधा पुसलेला आहे का बघा, आणि विकणाऱ्याकडून पावती घ्या. विमानतळावर संशय आला तर ती प्रतिकृती आहे असं सांस्कृतिक मंत्रालयाचं प्रमाणपत्र विचारतात. ते आधीच करून ठेवलेलं बरं. आणि तोटी धरून उचलू नका, बुडाखाली हात द्या.